गरीब देशांतील बालकांसाठी फ्लूची लस : आधी कोणाला?

उत्तरायण :
कमी उत्पन्नाच्या देशांतील बालआरोग्यावर एक टिपण लिहीत असताना मी एका मुद्द्यापाशी अडले आहे. अनेक श्रीमंत देशांत लहान मुलांना दरवर्षी इन्फ्लुएन्झाची, म्हणजे फ्लूची, लस देण्याची शिफारस केली जाते. मात्र ज्या देशांत गोवराचा दुसरा डोसही सर्व मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि जिथे न्यूमोनिया, अतिसार, हिवताप व कुपोषण यांनी बालमृत्यूंचा मोठा वाटा व्यापला आहे, तिथे चार-पाच दिवसांत बऱ्या होणाऱ्या तापासाठी दरवर्षी नव्याने लस विकत घेणे कितपत योग्य ठरते? शिवाय या लसीमुळे मुलांच्या एकूण आरोग्यात, म्हणजे जन्मवजन, गंभीर आजार, रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण यांत, काही फरक पडतो का, की फक्त प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू तेवढा कमी होतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

बालवैद्य :
चार-पाच दिवसांत बरा होणारा ताप हे वर्णन धडधाकट शाळकरी मुलाला लागू पडते. तीन महिन्यांच्या, जन्मतःच वजन कमी असलेल्या बाळाची गोष्ट वेगळी असते. २०१८ या वर्षासाठी केलेल्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालील मुलांमध्ये फ्लूचे सुमारे ११ कोटी आजार झाले. त्यांपैकी सुमारे एक कोटी मुलांच्या बाबतीत संसर्ग फुप्फुसांपर्यंत पोहोचला, ८ लाख ७० हजार मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि मृत्यूंचा आकडा ३४,८०० पर्यंत असू शकतो, असे त्यात म्हटले आहे. रुग्णालयात झालेल्या मृत्यूंपैकी ८२ टक्के कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.

हे मृत्यू नोंदवहीत ‘फ्लू’ म्हणून दिसत नाहीत, याचे कारण निदानाच्या पद्धतीत आहे. दूरच्या आरोग्यकेंद्रात खोकला झालेले मूल आणले की आरोग्यसेविका त्याचा सदरा वर करून, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरले, तर ‘न्यूमोनिया’ असे लिहून अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सुरू केले जाते. श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल, तर तेही न्यूमोनियाचे लक्षण म्हणून पाहिले जाते. ही पद्धत योग्यच आहे, तिने असंख्य मुले वाचवली आहेत. पण घशातील स्राव तपासायला कोणी पाठवत नसल्यामुळे सुरुवात कोणत्या विषाणूने केली, हे कायमचे अज्ञात राहते. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खरवडून टाकतो आणि मग न्यूमोकोकससारख्या जिवाणूंना आत शिरायला वाट मोकळी होते. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीत न्यूमोकोकल लस दिलेल्या मुलांमध्ये श्वसनविषाणूंशी संबंधित न्यूमोनियामुळे होणाऱ्या भरतीचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले होते. जिवाणूविरुद्धच्या लसीने विषाणूजन्य म्हणून मोजलेला आजार कमी व्हावा, यावरूनच विषाणू आणि जिवाणू मिळून आजार घडवतात, हे दिसते. तेव्हा ‘न्यूमोनिया की फ्लू’ अशी वाटणी करून प्राधान्य ठरवू नये, असे मला वाटते.

आकडेमोड :
बालवैद्य यांच्याशी मी सहमत आहे. पण त्याच अंदाजानुसार पाच वर्षांखालील मुलांच्या खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गामुळे होणाऱ्या मृत्यूंत फ्लूचा वाटा सुमारे ४ टक्के आहे, हेही सांगायला हवे. खर्चाचा प्रश्न लसीच्या किमतीपुरता नसून ती किती वेळा द्यावी लागते, याचा आहे.

समजा, एखाद्या जिल्ह्यात वर्षाला एक लाख मुले जन्मतात. गोवराचे दोन डोस द्यायचे तर वर्षाला दोन लाख डोस लागतील. फ्लूची निष्क्रिय (मृत विषाणूपासून केलेली, टोचायची) लस सहा महिन्यांच्या आतील बाळाला देता येत नाही. त्यामुळे सहा महिने ते पाच वर्षे हा गट धरला, तर ढोबळमानाने साडेचार लाख मुले होतात. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या मुलाला किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी नऊ लाख आणि पुढे दरवर्षी साडेपाच लाख डोस. शिवाय विषाणू बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी, लसीची घडण ठरवते आणि यंदा उरलेली लस पुढल्या वर्षी चालत नाही. उष्ण कटिबंधातील काही देशांत तर फ्लू वर्षभर रेंगाळतो किंवा त्याचे दोन हंगाम असतात. तिथे लस नेमक्या कोणत्या महिन्यात द्यायची, हे ठरवायलाच आधी काही वर्षांची रुग्णनोंद हाताशी असावी लागते. नियमित लसीकरणासाठी असलेली परिचारिका, शीतपेटारा आणि वाहन हेच फ्लूच्या लसीसाठीही वापरायचे असेल, तर हा भार कशाच्या मोबदल्यात घ्यायचा, हे आधी विचारले पाहिजे. गरीब देशांना लसींसाठी अर्थसाहाय्य करणाऱ्या ‘गॅव्ही’च्या नियमित बाललसींमध्ये हंगामी फ्लूचा समावेश नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

पाणवठा :
वरील दोन्ही उत्तरांत आईचा उल्लेख राहून गेला आहे. २०१८ च्या ज्या अंदाजाचा दाखला दिला गेला, त्यात रुग्णालयातील मृत्यूंपैकी ३६ टक्के सहा महिन्यांखालील बाळांचे होते, म्हणजे ज्यांना लस टोचताच येत नाही अशांचे. त्यांच्यापर्यंत संरक्षण पोहोचवण्याचा मार्ग गर्भारपणातून जातो : आईला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूचे लसीकरण नव्याने सुरू करणाऱ्या देशांना गर्भवतींना सर्वोच्च प्राधान्य देण्याचा सल्ला दिला, त्यामागचे हे एक प्रमुख कारण होते.

पुरावाही गरीब देशांतूनच आलेला आहे. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी, तर तापासह श्वसनाचे सर्व आजार २९ टक्क्यांनी कमी आढळले. उत्तरायण, आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने हा दुसरा आकडा मोलाचा आहे. पुढे दक्षिण आफ्रिका, माली आणि नेपाळ येथे अधिक मोठ्या चाचण्या झाल्या. संरक्षण मिळाले, पण कमी प्रमाणात, आणि बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत ते ओसरत गेले.

आकडेमोड यांच्या जिल्ह्यात या मार्गाने वर्षाला सुमारे एक लाखच डोस लागतील आणि तेही धनुर्वाताच्या लसीसाठी तपासणीला येणाऱ्या स्त्रियांनाच द्यायचे आहेत. वेगळी मोहीम उभारावी लागणार नाही.

उत्तरायण :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नेपाळच्या चाचणीत बाळांचे जन्मवजन सरासरी ४२ ग्रॅमने अधिक भरल्याचे मी वाचले आहे. एकूण बालआरोग्यावरील परिणामाचा पुरावा म्हणून ते टिपणात द्यावे का?

आकडेमोड :
द्यावे, पण एकटे देऊ नये. नेपाळ, माली आणि दक्षिण आफ्रिकेतील चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कमी जन्मवजन, अकाली प्रसूती किंवा मृतजन्म यांत एकंदरीत फरक आढळला नाही. बाळांमधील गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. टिपणात हा २० टक्क्यांचा आकडा ठळकपणे यावा, कारण तो फ्लू सिद्ध झालेल्या बाळांपुरता मर्यादित नसून कोणत्याही कारणाने झालेल्या गंभीर न्यूमोनियाचा आहे आणि आपला प्रश्नही नेमका तोच होता.

बालवैद्य :
एक पुस्ती जोडतो. मोठ्या मुलांसाठी नाकात फवारायची जिवंत (दुर्बल केलेल्या विषाणूची) लस स्वस्त आणि सोपी पडेल, अशी आशा होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या दोन समांतर चाचण्यांत बांगलादेशात ती सुमारे ५७ टक्के परिणामकारक ठरली, तर सेनेगलमध्ये तिचा काहीच उपयोग झाला नाही. त्यामुळे एका देशातील यशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकात घालू नये. ज्या देशाने न्यूमोकोकल लस अजून सुरू केलेली नाही, त्याने आधी ती सुरू करावी आणि सोबत गर्भवतींना फ्लूची लस द्यावी. सहा महिन्यांवरील सर्व मुलांना दरवर्षी लस देण्याचा विचार त्यानंतर, आणि आपल्या देशातला फ्लूचा हंगाम नोंदींवरून स्पष्ट झाल्यावरच करावा, असे माझे मत आहे.