सोलापुरात एकटीनं खानावळीत जेवायचंय, जरा सांगा की

चादरवाली
पुढच्या आठवड्यात सोलापूरला जातेय, घरपट्टीवरचं नाव बदलायचं काम आहे. सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळी परत पुण्याला. आईबाबा आता माझ्याकडेच असतात, तिकडचं घर भाड्यानं दिलंय, त्यामुळे दुपारी जेवायचं कुठे हा प्रश्न. मावशी आहे, आत्या आहे, पण एकीकडे गेलं की दुसरीला कळणार आणि कुणाकडेही गेलं तरी तीन तास सुटका नाही, मग ज्या कामाला गेले ते राहिलंच.

मला खरंतर साधी खानावळ पाहिजे. कडक भाकरी, शेंगा भाजी, ठेचा, दही, बास. गंमत अशी की शाळा कॉलेज सगळं सोलापुरात झालं पण खानावळीत बसून कधी जेवलेच नाही, बाबा आणि काका जायचे, आम्हा बायकांना पार्सल. पुण्यात मी एकटी कुठेही बसून खाते, कोण बघतंय. इथे मात्र सगळे पुरुष, त्यात बाबांच्या ओळखीचं कोणीतरी हमखास निघणार आणि तोंडावर विचारणार "का गं, घरी भांडण झालं का?" फॅमिली रूममध्ये एकटीला बसवतात का?

सात_रस्ता
बिनधास्त जावा ओ. फक्त टायमिंग बघा. एक ते दोन लई गर्दी, दुकानवाले, एसटीचे ड्रायव्हर कंडक्टर, कोर्टात तारखेला आलेले गावाकडचे लोक सगळे तेव्हाच येतात. साडेबाराच्या आत जावा नाहीतर अडीचनंतर. उशिरा गेलं की गरम भाकरी संपलेली असते पण तुम्हाला कडकच पायजे म्हणल्यावर टेन्शनच नाही.

फॅमिली रूमच्या नादाला लागू नका. बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे मागची पडदा लावलेली खोली, वाढपी तिकडं फिरकत नाही, आणि सध्याच्या उन्हात ४२ डिग्रीला आत बसलात तर उकडून निघाल. सरळ बाहेर गल्ल्याजवळचं टेबल धरा, मालकाचं लक्ष राहतं आणि आमटीपण पहिली तिथंच येते.

आमटीत_चुरा
माझ्या सासऱ्यांची खानावळ होती, सोलापुरात नाही, बाजूच्या तालुक्यात. एकटं गिऱ्हाईक आलं की मालकाला टेबल अडल्याचं वाईट वाटतं हा निव्वळ गैरसमज. एकटं माणूस गप्पा मारत बसत नाही, जेवतं, पैसे देतं, उठतं. डोक्याला ताप असतो तो चौघांनी बसून दोन थाळ्या घेण्याचा. मात्र गर्दीत समोरच्या खुर्चीवर कोणी अनोळखी येऊन बसलं तर दचकू नका, तिथं चालतं ते, तो त्याच्या ताटात बघणार तुम्ही तुमच्या.

बसायच्या आधी विचारून घ्या की भाकरी मोजून आहे की पोटभर, जादा भाकरीचे कुठे कुठे वेगळे पैसे लावतात. आमटी, कांदा, शेंगा चटणी शक्यतो मागाल तेवढी. चटणी उखळात कुटलेली असली तर लगेच कळतं, हातात धरली की तेल सुटतं, मिक्सरची भुगा असते नुसती. तीवर दही घ्या. कडक भाकरी चावत बसू नका, आमटीत चुरायची, पाच मिनिटं मुरू द्यायची, मग खायची. आणि ज्वारी मालदांडी, म्हणजे मंगळवेढ्याकडची नावाजलेली जात, आहे का ते जरूर विचारा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून सगळेच "मंगळवेढ्याची" म्हणून सांगतात, बोर्डावर काय कुणीपण लिहितं.

भाकरी थापायला आत बायकाच असतात, त्यामुळे तिथं तुम्ही एकट्याच बाई असाल हे काय खरं नाही.

बेधडक_बार्शीकर
मी उलटं सांगतो. मावशीला न सांगता जाऊ नका बे, सोलापूर आहे ते! तुमचं ताट यायच्या आधी बातमी तिच्या घरी पोचलेली असेल. आणि "काम होतं, वेळच नाही मिळाला" ही थाप तर अजिबात मारू नका, पकडल्या जाल. त्यापेक्षा मावशीलाच खानावळीत बोलवा. मी पैज लावतो तीपण कधी आत बसून जेवलेली नसणार.

चादरवाली
@बार्शीकर आयडिया भारी आहे, मावशी येईल पण, नटूनथटून येईल. पुढच्या खेपेला नक्की. पण यावेळी मला एकटीलाच बसायचंय. लग्न झाल्यापासून सोलापुरात कुणी आग्रह न करता, "बारीक झालीस" न ऐकता जेवलेय असं आठवतच नाही. ताट समोर, फोन पर्समध्ये, दोन भाकऱ्या खायच्या का तीन ते माझं मी ठरवणार. मावशीला आदल्या दिवशी फोन करून खरं ते सांगून टाकते, जेवण बाहेर आणि चार वाजता चहाला तुझ्याकडे. आत्याचं बघू.
@आमटीत_चुरा मुरू द्यायचं लक्षात ठेवते, आमच्याकडे बाबा तर लगेच खायचे.

सात_रस्ता
आग्रह नको म्हणून खानावळीत? वाढप्याला ओळखत नाही तुम्ही अजून. "घ्या की ताई, एवढुशी तर आहे" म्हणत न विचारता भाकरी टाकून जातो. पोट भरलं की दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, तोंडानं नको म्हणलेलं त्याला ऐकू येत नाही.