मदत हवी आहे: कापसाच्या रजईचा कुबट वास कसा घालवावा? (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. दिवाणातून काढलेल्या डबल रजईला (साधारण ३ किलो कापूस, हाताने टाके घातलेली) पावसाळ्यातला कुबट वास आहे, आणि उशाकडच्या बाजूला तेलकट पिवळा पट्टा.

पाण्यात बुडवायची नाही, हे पक्कं. ओल्या कापसाचे गोळे होतात, टाक्यांमधली जागा रिकामी पडते आणि वरून वाळलेली वाटली तरी आतला थर ओला राहून बुरशी धरतो. धुक्याच्या दिवसांत तर विचारूच नका, इथे ऊन वर येईपर्यंत दुपार होते. म्हणून ऑक्टोबरचं ऊन आहे तोवरच उरकायचंय.

आत्तापर्यंत: खोळ काढून गरम पाण्यात धुतली. रजई दोन दोऱ्यांवर पसरून (एकाच दोरीवर टाकली की कापूस खाली सरकतो) दर दोन तासांनी उलटली, हलक्या हाताने झटकली. मग खाण्याचा सोडा चाळणीने भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि ब्रश लावून व्हॅक्यूमने ओढला. वरचा वास गेला. दाबलं की आतून अजून येतोच.

आता विचारायचंय ते असं. पट्ट्यावर घट्ट पिळलेल्या फडक्याने पातळ साबणाचा फेस फिरवला, तर कडेला डागाची रेघ उमटेल का? पांढरा व्हिनेगर फवारावा, की कापूस ओलावा धरेल? सुगंधी स्प्रे कृपया सुचवू नका, त्याने वास फक्त झाकला जातो. आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागाच्या बाजूला मशीनवर नाही, जुन्या पद्धतीने पिंजून परत भरून देणारं कुणी आहे का? किलोमागे काय घेतात?