बिस्मथचा सिंगल क्रिस्टल वाढवायला ब्रिजमन भट्टी कुठली घेऊ? बजेट ४० हजार

तेजस_एमएस्सी: प्रोजेक्टला बोटभर लांबीचा सिंगल क्रिस्टल (सगळा मिळून एकच दाणा) वाढवायचाय. बिस्मथ धातू २७१ अंशांना वितळतो, त्यामुळे मोठी भट्टी नको. ४० हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. उभी ब्रिजमन भट्टी, म्हणजे क्वार्ट्झची अँप्यूल (बंद नळी) मोटरने गरम भागातून थंड भागात हळूहळू खाली सोडायची, असं डोक्यात आहे.

भट्टीवाला_नाशिक: तीन झोनची (तीन भागांचं तापमान वेगवेगळं ठेवता येणारी) ट्यूब फर्नेस घ्या डोळे झाकून. आम्ही दोन लाख चाळीसला घेतली, कंट्रोलरला अजून हात लावावा लागला नाही. वर गरम, खाली थंड, मधे इन्सुलेशनचा पट्टा, ग्रेडियंट (तापमानाचा उतार) तिथेच मिळतो. तापवायची वायर कान्थलचीच (जास्त तापमान सोसणारा मिश्रधातू) मागा.

रेवा_क्रिस्टल: ३०० अंशांना कान्थल कशाला, नायक्रोमची साधी वायर आरामात चालते. खरी गोची मोटरची. ताशी एक-दोन मिलिमीटर वेग हवा, स्वस्त स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) तेवढ्या हळू सरकतच नाही, धक्के देत जातो. आमच्या क्रिस्टलवर त्याच्याच आडव्या पट्ट्या पडल्यात.

भट्टीवाला_नाशिक: उद्या दुसरं मटेरियल आलं तर? आम्ही त्याच भट्टीत कॅडमियम टेल्युराइड करतो, ते १०९२ ला वितळतं. नायक्रोम किती दिवस टिकेल तिथे?

इंगटवाला: मी सोलरच्या सिलिकॉन भट्टीवर होतो. सिलिकॉन गोठताना फुगतं, एकदा वरची साय आधी गोठली आणि मूस तडकली, सगळा इंगट (गोठलेला ठोकळा) भंगारात. बिस्मथही फुगतं, तीनेक टक्के, तेव्हा वरचं टोक शेवटपर्यंत गरम ठेव. बाकी तुझं सोपंय, सिलिकॉन गोठताना किलोमागे १८०० किलोज्यूल उष्णता सोडतं, बिस्मथ जेमतेम ५४.

अनुराधा_पी: कमी असली तरी ती उष्णता जाणार घन भागातूनच ना, आणि बिस्मथमध्ये वितळलेल्यापेक्षा घन भागच उष्णता कमी वाहतो. वेग वाढवलास की इंटरफेस (घन आणि वितळलेल्या भागामधली सीमा) मधोमध खोलगट होतो, भिंतीपाशी नवे दाणे धरतात आणि आत घुसतात. तो वितळलेल्या बाजूला किंचित फुगीर हवा. ब्रँड कुठलाही घे पण आधी रिकाम्या नळीत थर्मोकपल (तापमान मोजायची तार) सरकवत तापमानाचा आलेख काढ. अँप्यूलचं टोक निमुळतं ठेव, म्हणजे बहुतेक एकच दाणा पुढे जातो.

सागर_व्ही: चोक्राल्स्की करा ना, म्हणजे वितळलेल्यातून क्रिस्टल वर ओढत काढायचा, मूस चिकटायची भानगडच नाही.

रेवा_क्रिस्टल: ४० हजारांत?

मीनल७७: तीन झोनचीच घे, वर सांगितलंय तशी. आणि मोटर चांगली बघ.

तेजस_एमएस्सी: सगळं वाचलं, आभार. मोटरच काढून टाकतोय. आडवी नळी, आत ग्रॅफाइटची वरून उघडी बोट (होडीसारखं लांबट भांडं), आर्गॉन वायू चालू, नायक्रोमची दोन वाइंडिंग आणि दोन पीआयडी (तापमान कंट्रोलर). बोट हलणार नाही, तापमान उतरवत गोठणरेषाच पुढे न्यायची. फुगलं तरी वर जागा आहे. क्रिस्टल अर्धगोल येईल, मला चालतो. अनुराधाताई, आलेख आधी काढतो आणि बोटीचं टोक निमुळतंच करून घेतो. नळी ऑर्डर केली.

भट्टीवाला_नाशिक: आडव्यात वितळलेला धातू गरम टोकाकडून थंड टोकाकडे फिरत राहतो, उभ्यात वर गरम असल्यामुळे शांत बसतो. अजून सांगतो, ऑर्डर थांबवा.