कॉलेज करता करता रेडिओ शिकलात? (अनुभव धागा)

माझी भाची यंदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि कॅम्पस रेडिओने तिला झपाटलंय. तिच्या आईचा सवाल एकच : मग सबमिशन कोण करणार? म्हणून हा धागा. ‘आवाज गोड हवा’ वगैरे नको, ते शेजारीपाजारी सांगतातच. वेळ कुठून काढलात, शिकवलं कोणी, काय सुटलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. आमच्या वेळी आकाशवाणीची युववाणी होती, तरुणांसाठीचा कार्यक्रम. संहिता आधी लिहून द्यायची, कार्यक्रम अधिकारी त्यातली निम्मी विशेषणं खोडायचे. संकलन टेपवर. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकायची, त्यामुळे पाहुण्याचा खोकला पट्टीने मोजता यायचा. टेप हाताने मागेपुढे करून जागा शोधायची, पेन्सिलीने खूण, ब्लेडने तिरका काप, वर चिकटपट्टी. तिरका अशासाठी की सांधा ऐकू येऊ नये. पण आमच्याकडे वेळ भरपूर होता हो. भाचीला माझा उपयोग नाही.

एमएस्सीवाली, पुणे

मी विद्यापीठाच्या सामुदायिक रेडिओवर शिकले. पुण्यात विद्यावाणी १०७.४ आहे, इतर कॅम्पसवरही अशी केंद्रं आहेत. असा रेडिओ छोटाच असतो, आवाज जेमतेम १०-१५ किलोमीटर जातो. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशाच लावता येतात. नवशिक्यांना हे सोयीचंच, कारण सगळं लक्ष मुलाखती आणि माहितीपर कार्यक्रमांवर राहतं.

माझी प्रॅक्टिकल्स दुपारी संपायची. स्टुडिओ मिळायचा तो तेवढ्या एका तासात, म्हणून लिहिणं आणि एडिटिंग हॉस्टेलवर. ऑडासिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हेडफोन मात्र बरे घ्या. मुलाखतीआधी त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायची, हे मला एका सीनियरने शिकवलं. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, सगळं त्यात येतं. वाक्य कापल्यावर पडलेल्या फटीत ती शांतता भरायची. कोरी जागा ठेवली की ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं. आणि श्वास सगळे कापू नका, माणूस गुदमरल्यासारखा बोलतो.

सुटलं काय? गॅदरिंग. आणि दुपारची झोप, तिचं अजून वाईट वाटतं.

माणदेशी

आमच्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे, ९०.४ वर. मी तिथला श्रोता, शिकलो दुसऱ्या एका गावाकडच्या केंद्रावर. ‘शहरातल्या आरजेसारखं बोलायचं असंल तर शहरात जा,’ असं पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं. पुण्यात कमावलेलं ‘हॅलो फ्रेंड्स’ तिथंच संपलं.

वेळेचं गणित शेवटच्या एसटीवर होतं. म्हणून रेकॉर्डर घरी न्यायचो आणि सकाळी दूध डेअरीवर माणसं बोलती करायचो. ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारलं की म्हातारे ‘बरंय’ म्हणून मोकळे. ‘काल म्हशीनं किती दूध दिलं?’ विचारलं की पाच मिनिटं थांबत नाहीत. माइक वाऱ्याच्या आड धरा, रुमाल गुंडाळला तरी फरक पडतो.

लोकलमधली उद्घोषिका

मी एमए करताना आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषक झाले, म्हणजे कायम नोकरी नाही, ड्यूटीपुरतं बोलावणं. आमच्या वेळी पदवीची अट होती, त्यामुळे भाचीला थोडं थांबावं लागेल. आधी लेखी, मग आवाजाची चाचणी, मग ‘वाणी’ हे उद्घोषकांचं प्रशिक्षण. ड्यूट्या महिन्याला मोजक्याच, त्यामुळे अभ्यासाआड आल्या नाहीत. आली ती पहाटेची सभा, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची पाळी. सहाच्या आत स्टुडिओत म्हणजे घरातून कधी निघायचं, ते पश्चिम उपनगरवाल्यांना विचारा.

कठीण वाटली ती मिनिट-सेकंदांची बेरीज. बातम्या ठरल्या सेकंदाला लागतात, गाणं कितीही गोड असो. म्हणून शेवटचं गाणं कुठे सुरू करायचं, हे उलटं मोजत यायचं. ३:४७ अधिक ४:२५ म्हणजे ८:१२, हे लोकलमध्ये उभ्याउभ्या घोकलंय मी.

नको रे बाबा

माझा सल्ला उलटा. एका खासगी एफएमवर इंटर्न होतो. बिनपगारी, रात्री उशिरापर्यंत, काम फोन उचलण्याचं. माइक लांबूनच पाहिला. आत जाताना स्पष्ट विचारा : शिकवणार कोण आणि कोणत्या वेळेत?

ओहायोहून

इथल्या बऱ्याच कॉलेज स्टेशनांवर नव्यांना रात्री दोन ते चारची पाळी मिळते. दर तासाच्या ठोक्याला स्टेशनचं सांकेतिक नाव आणि गाव सांगावंच लागतं, तो सरकारी नियम आहे. बाकी मोकळीक. मी पहाटे तीनला लावण्या लावल्यात. एका ट्रकवाल्याचा फोन आला, ‘ढोलकी पुन्हा लावा’ म्हणून.

धागाकर्ता

भाची विचारतेय, परीक्षेच्या आठवड्यात काय करायचं?

एमएस्सीवाली, पुणे

दोन-तीन भाग आधीच करून ठेवायचे. त्यांत तारीख नको, सण नको, ‘बाहेर काय मस्त पाऊस पडतोय’ तर अजिबात नको. विषय टिकाऊ घ्यायचा, ग्रंथालयातले काका, मेसची चपाती, असा. फाइलच्या नावात विषय आणि लांबी लिहायची, कारण त्या आठवड्यात ती फाइल दुसराच कोणीतरी लावणार असतो.