रोमन पुलांची अर्धवर्तुळाकार कमान: हुशारी की हट्ट?

घडीव
कमान रोमनांनी शोधली नाही, हे या मंचावर बहुतेकांना ठाऊक आहे. इजिप्तमध्ये रामेसियमच्या (दुसऱ्या रामसेसच्या मंदिराच्या) कोठारांवर कच्च्या विटांची कमानदार छपरं त्यांच्या कितीतरी आधीची आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. पुलांसाठी त्यांनी जवळजवळ सगळीकडे पूर्ण अर्धवर्तुळच घेतलं आणि त्यापायी दगडही घालवला, नदीची रुंदीही घालवली.

२० मीटरचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) घ्या. अर्धवर्तुळ म्हटलं की कमानीची उंची १० मीटर ठरलीच, आणि आतल्या कडेची लांबी ३१.४ मीटर. आता उंची गाळ्याच्या एक षष्ठांश, म्हणजे ३.३३ मीटर ठेवा. त्रिज्या १६.६७ मीटर येते आणि लांबी साधारण २१.५ मीटर. कमानीचा एक तृतीयांश दगड तिथेच वाचतो. शिवाय रस्ता साडेसहा मीटर खाली येतो, त्यामुळे दोन्ही काठांवरचे चढ कमी.

हे त्यांना जमत नव्हतं असंही नाही. तुर्कस्तानातला लिमिराचा पूल पाहा. ३६० मीटर लांब, २६ चपट्या कमानी, गाळा उंचीच्या पाच-सहा पट. मग बाकीकडे अर्धवर्तुळाचा हट्ट कशाला?

गवंडीकाम
कारण साधं आहे. अर्धवर्तुळात सगळे दगड एकाच मापाचे. एक फर्मा करायचा आणि खाणीतच सगळे घडवून आणायचे.

घडीव
हा मुद्दा नेहमी येतो आणि नेहमी चुकीचाच असतो. चपटी कमानही वर्तुळाचाच तुकडा आहे, तिलाही एकच फर्मा लागतो. फक्त दगडाची पाचर कमी निमुळती होते. आत ६० सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर खोल दगड धरा. अर्धवर्तुळात तो बाहेरच्या बाजूला सुमारे ७ सेंटिमीटर जास्त रुंद लागतो, चपटीत साडेचार. वेगळा घडवावा लागतो तो फक्त खांबावरचा तिरकी बैठक असलेला दगड.

त्रिज्या
दगडाचा हिशेब बरोबर आहे, पण रेट्याचा, म्हणजे कमान पायथ्याशी बाहेर ढकलते त्या जोराचा, हिशेब तुम्ही मांडलाच नाही. भार सारखा पसरलेला धरला तर आडवा रेटा = दर मीटरचा भार × गाळ्याचा वर्ग ÷ (८ × उंची). उंची १० वरून ३.३३ वर आणली की रेटा बरोब्बर तिप्पट. हा रेटा कुणीतरी खायचा असतो. कमानींच्या रांगेत टोकाचे खांब जास्त रुंद करा, असं रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस सांगतो ते याचसाठी.

मधल्या खांबांवर दोन्हीकडून रेटा येतो आणि एकमेकांना तोलतो. पण एक कमान गेली की शेजारच्या खांबाला एकतर्फी ढकल बसते. खांब बारीक असेल तर पत्त्यांच्या बंगल्यासारखी पुढची कमान, मग त्यापुढची. स्पेनमधला अल्कांताराचा पूल (रोमन सम्राट ट्रेजनच्या काळातला, सहा कमानी) पाहा. १७६० मध्ये त्याची एक कमान लढाईत पाडली, दुरुस्त केली, १८०९ मध्ये पुन्हा उडवली. बाकीचा पूल उभाच राहिला. कमी रेटा आणि जाड खांब असल्यामुळे प्रत्येक खांब स्वतःच्या बळावर उभा होता.

बांधतानाही हाच फायदा. एक कमान पुरी करायची, सेंट्रिंग (कमान जुळेपर्यंत खालून दिलेला लाकडी आधार) काढायचं, तेच लाकूड पुढच्या गाळ्यात न्यायचं. अठराव्या शतकात फ्रेंच अभियंता पेरोनेने पॅरिसजवळ नॉयीचा पूल बांधला. गाळे ३९ मीटरचे, खांब जेमतेम सव्वाचार मीटर. पण त्यासाठी पाचही गाळ्यांचं सेंट्रिंग एकाच वेळी उभं ठेवावं लागलं. लाकडाचा तो खर्च तुमच्या हिशेबात कुठे आहे?

पाणलोट
त्रिज्या, खांब जाड ठेवायचे म्हणजे नदी अडवायची, हेही लिहा की. रोमन पुलांत खांब गाळ्याच्या साधारण एक तृतीयांश जाड असतो. २० मीटर गाळ्याला ६ मीटरचा खांब धरला तर दर २६ मीटरमागे ६ मीटर बंद, म्हणजे जवळजवळ २३ टक्के पात्र गेलं. तेवढंच पाणी उरलेल्या जागेतून जायचं तर वेग १.३ पट होतो. हा वेग खांबाच्या नाकाशी खड्डा पाडतो, पायाखालचा गाळ निघून जातो. दगडी पूल बहुतेकदा वरून मोडत नाही, खालून पोखरतो.

रोममधला पोंस एमिलियस हा पूल असाच पुन्हापुन्हा टायबर नदीच्या पुरात गेला. १५९८ नंतर तो दुरुस्तही केला नाही. आज एकच कमान नदीत उभी आहे, लोक तिला ‘तुटका पूल’च म्हणतात. तिथल्याच पोंस फॅब्रिशियस पुलाच्या (इ.स.पू. ६२) मधल्या खांबात पुराचं पाणी जायला वेगळी छोटी कमान ठेवली आहे. खांब पाणी अडवतो हे त्यांनाही कळलं होतं.

चुनाभट्टी
सेंट्रिंगचं दोघांनीही वरवर घेतलंय. अर्धवर्तुळात पहिले दगड जवळजवळ आडवे बसतात. सांधा आडव्याशी ३० अंशांपर्यंत कललेला असेल तोवर दगड घर्षणावरच थांबतो, घसरत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचे ३०-३० अंश लाकडाशिवाय चढतात आणि आधार फक्त मधल्या १२० अंशांना लागतो. ३१.४ चे दोन तृतीयांश, म्हणजे २०.९ मीटर. घडीव यांच्या चपट्या कमानीत पहिलाच सांधा ५३ अंशांवर आहे, तो कसा थांबणार? सगळे साडेएकवीस मीटर लाकडावर! दगड वाचला, पण लाकडावरचा भार जवळपास तेवढाच राहिला.

फ्रान्समधल्या पों द्यु गार या रोमन पाणीपुलावर हे डोळ्यांनी दिसतं. कमानीच्या आतल्या बाजूला मुद्दाम बाहेर सोडलेले दगड आहेत, सेंट्रिंग त्यांवर टेकायचं. नदीच्या तळापासून परांची उभारायची गरज नाही. मोठा गाळा साडेचोवीस मीटरचा आहे, आणि कमानी सुट्या कड्यांच्या, शेजारीशेजारी लावलेल्या. एक कडं झालं की तीच चौकट बाजूला सरकवायची.

घडीव
सेंट्रिंगचं गणित मान्य, मी ते धरलं नव्हतं. पण कमानीतून रेटा ज्या वाटेने खाली उतरतो तिचा आकार अर्धवर्तुळ नाही, हे राहतंच. नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी राहायलाही त्याची जाडी त्रिज्येच्या साधारण दहाव्या हिश्शाहून जास्त लागते, इथे मीटरभर. कमी पडली की माथ्याचा सांधा खालून उघडतो, खांद्यांचे सांधे बाहेरून, आणि कमान खाली बसते. चपटीला याच्या कितीतरी कमी जाडी पुरते.

त्रिज्या
म्हणून तर खांद्यांवर भराव टाकतात. तो खांद्यांना बाहेर फुगू देत नाही आणि रेटा दगडाच्या आतच ठेवतो. भराव न टाकता सेंट्रिंग पाडणं ही गवंड्याची चूक, आकाराची नव्हे.

कळ
एवढं सगळं झालं पण कळीच्या (माथ्यावरच्या मधल्या) दगडाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. तो काढला तर सगळं कोसळतं ना?

चुनाभट्टी
कोणताही काढला तरी कोसळतं. कळीचा दगड शेवटी बसतो म्हणून त्याचा मान. उलट माथ्यावर दाब सगळ्यात कमी असतो, फक्त आडवा रेटा. खाली येताना वजन भरत जातं, जास्तीत जास्त दाब कमान जिथून उठते तिथल्या दगडावर. तो तडकला तर बघायचं.

पाणलोट
लिमिराचं उत्तर अजून आलं नाही. तारखेवर वाद आहे, ठीक. पण पूल सपाट जमिनीवर आहे, उंची मिळतच नव्हती, तेव्हा चपटी कमान घेतली. डॅन्यूब नदीवर ट्रेजनचा वास्तुतज्ज्ञ अपोलोडोरसने दगडी खांबांवर लाकडाच्या चपट्या कमानी टाकल्या, त्या ट्रेजनच्या स्तंभावर कोरलेल्या आहेत. म्हणजे गरज पडली की हट्ट सुटत होता. टायबरवर पूर दरवर्षीचाच, तिथे का सुटला नाही, ते त्रिज्या यांनी सांगावं.

त्रिज्या
लाकडाची कमान हलकी, रेटाही त्या मानाने कमी. ती उदाहरणात धरू नका. टायबरवर तिप्पट रेटा खायला काठावर काय होतं? गाळ. खडक मिळाला असता तर गोष्ट वेगळी.