पेट्रोल भरलं की पिकअप पंपावरच बसते, सेल्फ फिरतो पण चालू होत नाही

गिरणारे_ते_यार्ड:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. माझी छोटी पेट्रोल पिकअप आहे, बीएस 6, 2021 ची, 78 हजार किमी झालेत, रोज पहाटे गिरणाऱ्यावरून भाजीपाला घेऊन मार्केट यार्ड. एरवी गाडी एक नंबर, डिसेंबरच्या थंडीत पण अर्ध्या सेल्फला चालू. पण पेट्रोल भरलं की संपलं. पंपावर पैसे दिले, किल्ली फिरवली की सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन पकडतच नाही, मागचे हॉर्न बडवतात मग मी आणि पंपावरचा पोरगा ढकलून बाजूला घेतो. पंधरा-वीस मिनिटांनी कशीबशी चालू होते ती पण काळा धूर सोडत आणि पेट्रोलचा नुसता भपकारा. बॅटरी नवीन टाकली, प्लग बदलले, काही फरक नाही. आता फिटर म्हणतो टाकीतली मोटर गेली, साडेसहा हजार लागतील. पंपाचा संशय होता म्हणून तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून पाहिलं, तेच. मोटर टाकू का?

पिंपळगाव_पिकअप:
एअर धरली असणार भाऊ. फिल्टरवर हाताने दाबायचा पंप असतो ना, तो कडक होईस्तोवर दाबा, मग सेल्फ मारा. माझी टाकी एकदा पार कोरडी झाली होती तेव्हा असंच झालेलं.

गिरणारे_ते_यार्ड:
दादा गाडी पेट्रोल आहे, तो हाताचा पंप डिझेलला असतो 😅

पिंपळगाव_पिकअप:
अरे हो की. चहाच्या आधी वाचलं. चालू द्या.

नाशिकरोडकर:
ई 20 चा प्रताप, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, दुसरं काय. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी खाली बसलं की गाडी बंद.

अंबड_स्कॅनर:
पाण्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण पाणी असतं तर गाडी रस्त्यात पण मिसिंग मारली असती, फक्त भरल्यावर पंधरा मिनिटं नाही. आणि तीन पंपांवर सेम पाणी कसं येईल? तरी कुणाला पेट्रोलचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो मागायचा हक्क आहे आपला. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून डाग राहिला नाही म्हणजे ठीक.

आता मूळ प्रश्न. मोटर टाकू नका, थांबा. मोटर गेली असती तर पेट्रोल कमी पडलं असतं, तुमच्याकडे काळा धूर आणि वास येतोय म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. उलटा आजार आहे.

माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर. टाकीतली वाफ बाहेर हवेत सोडत नाहीत, ती पाईपने एका डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात, आत कोळशाचे दाणे असतात ते वाफ धरून ठेवतात. डब्यापासून इंजिनच्या इनटेककडे जी नळी जाते तिच्यावर हा छोटा व्हॉल्व्ह. गाडी चालताना ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तो टकटक उघडतो आणि ती वाफ इंजिनात जळून जाते, गाडी बंद तर व्हॉल्व्ह बंद. तो उघडाच अडकला की काय होतं बघा, टाकीत पंचवीस लिटर पेट्रोल घुसलं की तेवढीच वाफाळलेली हवा बाहेर ढकलली जाते, ती डब्यातून सरळ इनटेकमध्ये. वर तुम्ही सेल्फ मारला की इंजेक्टर आपला नेहमीचा कोटा टाकतोच, त्याला काय माहीत आधीच पोट भरलंय. झालं, फ्लड, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन इंजिन पकडतच नाही.

पुढच्या वेळी पंपावर ॲक्सिलेटर तळाला दाबून धरा, पंपिंग करायचं नाही, नुसता दाबून धरायचा, आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पूर्ण ॲक्सिलेटर असला की सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात, फक्त हवा जाते. पकडलं की लगेच पाय काढा. अशी चालू झाली तर समजून जा.

मग घरी इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा (बिडी-सिगारेट लांब ठेवा राव), व्हॉल्व्हच्या त्या तोंडाला स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंका. बंद गाडीत हवा पास व्हायलाच नको. स्कॅनरला पी 0496 (पर्जची वाफ जास्त) किंवा पी 0172 (मिश्रणात पेट्रोल जास्त) हा फॉल्ट कोड दिसू शकतो पण कोड येईलच असं नाही, म्हणून फुंकर बरी.

आणि एक खरं सांगा, टाकी भरून नोझल आपोआप कट झाल्यावर अजून किती टाकायला लावता?

गिरणारे_ते_यार्ड:
रक्कम राउंड करायला टाकतो थोडं… कधी पार गळ्यापर्यंत पण. पहाटे परत लाईनला लागायला नको म्हणून.

अंबड_स्कॅनर:
तेच. कटनंतर वरून दाबलेलं पेट्रोल पातळच कॅनिस्टरमध्ये शिरतं, डबा वाफेसाठी आहे पेट्रोलसाठी नाही.

मखमलाबाद_77:
माझ्या सीएनजीवाल्या गाडीत भरायचं झाकण नीट बसलं नाही तर गाडी चालूच होत नाही, स्विच असतो तिथे. मी एकदा अर्धा तास बोनेट उघडून बसलो होतो. यांचं तसं नाही पण कुणी शोधत आलं तर असू द्या.

गिरणारे_ते_यार्ड:
अपडेट. काल टाकी भरली, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, चौथ्या सेकंदाला घरघरली आणि चालू! पोरगा म्हणे आज ढकलायचं नाही का काका. संध्याकाळी फुंकून पाहिलं, व्हॉल्व्हमधून आरपार हवा जाते. नवीन मागवलाय, मोटरच्या चौथ्या हिश्श्यात येतोय. पण काढताना नळीतून काळी भुकटी पडली, नुसता व्हॉल्व्ह पुरेल का?

अंबड_स्कॅनर:
नाही पुरणार. कॅनिस्टर फुटलाय आतून, कोळसा नळीत आलाय, त्याच कणांनी व्हॉल्व्ह उघडा अडकवला असणार. नळी साफ मारून घ्या आणि डबा पण बदला, नाहीतर महिन्याभरात नवीन व्हॉल्व्ह पण तसाच अडकेल.

गिरणारे_ते_यार्ड:
बरं. म्हणजे परत साडेसहा हजाराच्या आसपासच गेलो की 🙏