मदत हवी आहे : भिन्नमतांवरून न्यायालयाची ‘माघार’ कशी सिद्ध करावी?

नमस्कार. युरोपीय मानवाधिकार न्यायालयावर मी मराठीतून प्रबंध लिहीत आहे आणि दुसऱ्या प्रकरणात अडकले आहे. हे न्यायालय हक्कांच्या संरक्षणात आधीपेक्षा मागे सरकते आहे का, म्हणजे ‘माघार’ घेते आहे का, हा त्यातला प्रश्न. स्ट्रासबर्गचे हे न्यायालय आपला जुना निकाल राज्यसंस्थेच्या बाजूने उघडपणे कधी फिरवत नाही. त्यामुळे हेल्फर आणि व्हूटेन या अभ्यासकांनी २०२० साली वेगळी वाट धरली. १९९८ ते २०१८ या काळातील महापीठाची (न्यायालयाच्या सर्वांत मोठ्या पीठाची) भिन्नमते, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशांची स्वतंत्र मते, तपासून, ‘बहुमताने जुना निकाल गुपचूप मोडला’ अशी तक्रार करणारी मते त्यांनी मोजली, आणि शेवटच्या दशकात ती लक्षणीय वाढल्याचे दाखवले. स्टोन स्वीट, सँडहोल्ट्झ आणि आंदेनास यांनी पुढच्याच वर्षी यावर प्रतिवाद केला. हरलेल्या न्यायाधीशाचा सूर हा बहुमताने काय केले याचा पुरावा कसा मानायचा, ही शंका मलाही रास्त वाटते.

तरीही ‘अ‍ॅनिमल डिफेंडर्स’ (२०१३) हा निकाल वाचताना मन डळमळते. या प्राणिसंरक्षण संस्थेच्या जाहिरातीत प्राण्याच्या पिंजऱ्यात साखळदंडातली मुलगी दिसते आणि शेवटी त्याच जागी चिंपांझी. ब्रिटनने राजकीय जाहिरात म्हणून ती दूरचित्रवाणीवर येऊ दिली नाही. संसदेने या बंदीचा बारकाईने विचार केला होता, यावर भर देत न्यायालयाने ९ विरुद्ध ८ मतांनी ती मान्य केली. स्वित्झर्लंडविरुद्धच्या अशाच खटल्यात मात्र २००१ मध्ये उलट निकाल लागला होता. इथे भिन्नमत निव्वळ कुरकुर वाटत नाही.

माझी अडचण पुढे आहे. ९ एप्रिल २०२४ च्या ‘क्लिमासेनिओरिनन’ या हवामानबदलाविषयीच्या निकालात स्विस ज्येष्ठ महिलांच्या संस्थेच्या बाजूने १६ विरुद्ध १ असा कौल लागला. त्यातले एकटे विरोधी न्यायाधीश आयकी यांची तक्रार मात्र बहुमत फार पुढे गेले अशी आहे. पहिल्या भिन्नमतावर विश्वास ठेवायचा, तर यावर का नाही? जुना आणि नवा निकाल शेजारी ठेवून कसोटीच कशी बदलली हे दाखवावे, असे मी योजते आहे. पण अशा जोड्या निवडताना सोयीच्या तेवढ्याच उचलल्या जाऊ नयेत, यासाठी कोणता निकष लावावा?

आणखी एक विनंती. ‘मार्जिन ऑफ अ‍ॅप्रिसिएशन’ (हक्कांबाबत निर्णय घेताना न्यायालय राज्यांना देते ती मुभा) ही संज्ञा १५व्या प्रोटोकॉलमुळे, म्हणजे करारदुरुस्तीमुळे, १ ऑगस्ट २०२१ पासून थेट युरोपीय मानवाधिकार कराराच्या प्रास्ताविकेत आली आहे. शब्दशः भाषांतर केले तर ‘कौतुकाची कड’ होते! मुळात हा फ्रेंच प्रयोग असून त्यात ‘अ‍ॅप्रिसिएशन’ म्हणजे पारख. सध्या मी ‘निर्णयाची मोकळीक’ लिहिते. कुणाला याहून नेमका शब्द सुचत असेल तर कृपया कळवावा.